शब्दचर्चा: 'चोक काढा' म्हणजे नक्की काय करा?

पद्मिनीवाला
प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटार वापरणाऱ्यांसाठी एक छोटे मराठी टिपण लिहायला घेतले आहे. गार इंजिन सुरू करताना त्याला जादा पेट्रोल मिळावे म्हणून तिला चोक असतो, आणि तो डॅशबोर्डवरच्या मुठीने चालतो. त्यात 'इंजिन सुरू झाल्यावर चोक काढावा' असे वाक्य आहे. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्याचा अर्थ 'डॅशबोर्डवरची मूठ बाहेर काढावी' असा घेतला, उरलेल्यांनी 'चोकचा अंमल काढून टाकावा', म्हणजे मूठ आत ढकलावी, असा. दोन्ही क्रिया अगदी उलट. इथे कोणते क्रियापद योग्य?

गॅरेजबोली
'काढणे' सोडूनच द्या. दार काढणे, दात काढणे, गाडी काढणे, प्रत्येक ठिकाणी ते वेगळ्या दिशेला जाते. बोलताना लोक 'चोक ओढ', 'चोक दे' असे म्हणतात आणि उलट क्रियेला 'चोक आत कर'. यात गोंधळाला जागाच नाही, कारण 'ओढ' आणि 'आत' ही मुठीची दिशा आहे.

'चोक बंद कर' तर त्याहून वाईट. मूठ ओढली की कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडाशी असलेली झडप बंद होते. म्हणजे चोक चालू असताना झडप बंद आणि चोक बंद असताना झडप उघडी! लिहिताना मुठीबद्दलच लिहावे, झडपेबद्दल नाही. आणि लिंग पुल्लिंगी: चोक ओढला, चोक अडकला.

थ्रॉटल_शाफ्ट
मुद्दा बरोबर, पण ही चोकची झडप सगळ्या कार्बोरेटरांत नसते. इथे शब्दाने लोकांची दिशाभूल केली आहे, आणि तिचा त्रास सेल्फ मारताना होतो.

गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरेचसे मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) गार भिंतींना चिकटून राहते. चालत्या गरम इंजिनाला साधारण 14.7 वजन हवेला 1 वजन पेट्रोल पुरते. गार असताना पेट्रोल त्याहून पुष्कळ जास्त सोडावे लागते, तेव्हा कुठे पेटण्याइतकी वाफ मिळते. हे करायच्या दोन रीती आहेत. एक, वरून हवा कोंडायची, म्हणजे खालची ओढ मुख्य जेटमधून (पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) जास्त पेट्रोल खेचते. हा खरा चोक. दुसरी, हवेला हातच लावायचा नाही, पेट्रोलची एक जादा वाट उघडायची. सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरांच्या बीआयसी जातीत हेच असते. बाजूला एक चपटी चकती असते. मूठ ओढली की ती फिरते, स्टार्टरचा स्वतंत्र जेट उघडतो आणि दाट मिश्रण थ्रॉटलच्या, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या, झडपेखाली जाऊन पडते. कंपनीच्या भाषेत तो 'स्टार्टर', आपल्या भाषेत 'चोक'. बजाज चेतकच्या घराण्यातल्या स्कूटरींमध्येही चोक म्हणजे अशीच जादा वाट.

फरक पडतो तो असा: झडपेच्या चोकला सुरू करण्याआधी पॅडल एकदा दाबलेले चालते. स्टार्टरच्या चोकला रेस अजिबात द्यायची नाही. थ्रॉटल उघडला की त्याखालचा व्हॅक्यूम कमी होतो, जादा वाटेतून पेट्रोल ओढले जात नाही, आणि माणूस म्हणतो 'चोक देऊनही उचलत नाही'. एअर क्लीनर काढून घशात पाहा. वरच्या अंगाला झडप दिसली तर पहिली जात, नाही दिसली तर दुसरी.

विजेचा_मिस्त्री
गंमत म्हणजे चोक आणि स्टार्टर ही जोडी घरात छतालाही होती. जुन्या 40 वॅटच्या ट्यूबलाइटचा चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार. तो कोंडतो हवा नाही, प्रवाह. ट्यूब एकदा पेटली की तिचा रोध घसरतो. चोक नसेल तर प्रवाह वाढत जाऊन ट्यूब जळेल. स्टार्टरचे काम वेगळे. आतली द्विधातूची पट्टी जोडली जाते तेव्हा ट्यूबची टोके तापतात, आणि ती सुटते त्या क्षणी चोक विजेच्या दाबाचा मोठा झटका देतो.

'चोक गेला' असे जिथे सरसकट म्हटले जाते तिथे बऱ्याचदा गेलेला असतो स्टार्टर. दोन्ही टोके लाल आणि मधली नळी अंधारी असेल, तर स्टार्टर फिरवून काढून घ्या (उघड्या टर्मिनलला बोट लावू नका). काढताच ट्यूब लख्ख पेटली तर स्टार्टर चिकटला होता. नवी ट्यूब लावल्यावर टोके लगेच काळी पडत असतील तर संशय चोकवर, आत वेढे शॉर्ट झालेले असू शकतात. इलेक्ट्रॉनिक चोकला स्टार्टर लागतच नाही.

शुद्धमराठी
'श्वासरोधक' का वापरू नये? किंवा 'वायुरोधक'?

गॅरेजबोली
कारण वर दिलेल्या दोन जातींपैकी एकीत हवा रोखलीच जात नाही. शिवाय 'वायुरोधक ओढा' असे ऐकून मिस्त्री हँडब्रेककडे बघेल.

जेट_नंबर_सव्वाशे
खरा घोळ नामात नाही, 'चोक होणे' या क्रियापदात आहे. 'कार्बोरेटर चोक झालाय' म्हणजे जेट तुंबला, पेट्रोल कमी पडते आहे. 'चोक अडकलाय' म्हणजे पेट्रोल जादा जाते आहे. एकच शब्द, दोन उलटे आजार! गिऱ्हाईक 'गाडी चोक मारते' एवढेच म्हणते, मिस्त्री जेट उघडून फुंकतो, आणि मूळ दोष, म्हणजे न परतलेली चोकची केबल, तसाच राहतो. त्यात भर म्हणून, एअर फिल्टर चोक झाला तर मात्र मिश्रण पुन्हा दाटच होते.

शब्दावर विसंबू नका, प्लग काढून पाहा. टोक मऊ काजळीने काळे असेल तर पेट्रोल जादा: चोक, फिल्टर, फ्लोटची सुई बघा. टोक पांढरट असेल तर पेट्रोल कमी: जेट, पंप, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून शिरणारी हवा. तपकिरी असेल तर कार्बोरेटरला हात लावू नका, मिसिंगचे कारण ठिणगीच्या बाजूला, पॉइंटात किंवा कंडेन्सरमध्ये शोधा.

लिहिताना माझी सूचना: तुंबण्याला 'तुंबणे' किंवा 'चोंदणे' म्हणा, नाक चोंदते तसे. 'चोक' फक्त मुठीसाठी राखून ठेवा.

आणखी एक खड्डा आहे. इंग्रजी मॅन्युअलात 'चोक'समोर मिलिमीटरमध्ये आकडा दिसला तर तो कार्बोरेटरच्या आतल्या अरुंद घशाचा व्यास असतो, मुठीशी त्याचा संबंध नाही. 'ट्विन चोक' म्हणजे दोन घशांचा कार्बोरेटर, दोन मुठींचा नव्हे. मराठीत तिथे सरळ 'घसा' लिहावे.

पद्मिनीवाला
मग टिपणातला मजकूर असा करतो:

'इंजिन गार असेल तर चोकची मूठ पूर्ण बाहेर ओढा. अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. इंजिन धरले की मूठ निम्मी आत करा, आणि ते एकसारखे चालू लागले की पूर्ण आत ढकला. मूठ बाहेर ठेवून गाडी चालवू नका: काळा धूर येतो, प्लग काजळतात, आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला. गरम इंजिनाला चोक देऊ नका.'

थ्रॉटल_शाफ्ट
ठीक. 'पाय न ठेवता' याच्यापुढे 'स्टार्टर जातीच्या सोलेक्ससाठी' हे जोडा, कारण इतक्या वर्षांत अनेक गाड्यांना दुसरे कार्बोरेटर बसले आहेत. पेट्रोल जादा होऊन प्लग ओले झाले तर उपाय दोन्हींना एकच: मूठ आत, पॅडल तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पॅडल पंप करू नका, दर दाबेला अॅक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल फवारतो.

केबलबद्दलही एक ओळ हवी. मूठ पूर्ण आत ढकलून मग ती साधारण 2 मिमी बाहेर घ्या, कार्बोरेटरवरचा लिव्हर बोटाने पूर्ण 'बंद' टोकाला धरा आणि तारेचा स्क्रू आवळा. एवढी ढील नसेल तर मूठ आत दिसते पण लिव्हर किंचित उघडा राहतो. मग स्लो (पॅडलवर पाय नसतानाची इंजिनाची मंद चाल) बसत नाही, कोणीतरी एअर स्क्रू फिरवत बसतो, आणि गाडी पेट्रोल पीत राहते.

नव्या_गाडीचा
इंजेक्शनच्या गाडीला 'ऑटो चोक' म्हणणे चूक का?

जेट_नंबर_सव्वाशे
तिथे चोक नावाचा भागच नसतो. कूलंटचा सेन्सर तापमान सांगतो आणि इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. 'ऑटो चोक' म्हणायचे तर झडप आपोआप फिरवणाऱ्या कार्बोरेटरला म्हणा.