युनायटेडचा फॅन मुंबई सिटीला सपोर्ट करू शकतो का? घरात वाद पेटलाय (सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीचा मालक होता तेव्हाची चर्चा; डिसेंबर २०२५ ला ग्रुप बाहेर पडला)

लाल_परळकर

सरळ प्रश्न आहे, उगाच ज्ञान पाजळू नका (पाजळलंत तरी वाचणार आहेच).

मी शाळेपासून मँचेस्टर युनायटेडवाला. चुलत भाऊ पण युनायटेड, त्याला या नादाला मीच लावला. आता झालंय असं की मी अंधेरीला मुंबई सिटीच्या मॅचला जायला लागलोय. आझाद नगर मेट्रोला उतरायचं, चालत जायचं, रात्री जेवायला घरी. आयुष्यभर टीव्हीत फुटबॉल बघितल्यावर दहा फुटांवर कोणी थ्रो घेतोय, त्याचा श्वास ऐकू येतोय, ही मजाच वेगळी आहे यार. तर आमचे बंधुराज म्हणतात तू विकला गेलास. का तर २०१९ ला सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकाचं घर तू तिकीट काढून भरतोस, नाव सिटी, रंग आकाशी, अजून काय पाहिजे. आपल्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर सिटीकडून ६-१ खाल्लेत ते विसरलास काय, असं जेवताना सगळ्यांसमोर विचारतो.

परवा तर हद्द झाली. आईने माझी मुंबई सिटीची जर्सी गॅलरीत वाळत घातली होती, याने ती दोरीवरून काढून ओली तशीच आतल्या खोलीत खुर्चीवर टाकली. म्हणे समोरच्या विंगमधून दिसते, लोक काय म्हणतील. समोरच्या विंगमध्ये ज्यांना आकाशी रंगाचा अर्थ कळतो असं एक पण माणूस राहत नाही हो, एक जोशी आजी आहेत आणि एक क्लासवाले सर.

तर सांगा, चालतं का?

आकाशी_गोरेगाव

या या, आमच्यात स्वागत आहे 😂

मी मँचेस्टर सिटी पण आणि मुंबई सिटी पण, त्यामुळे माझ्या मताला किंमत नाही हे धरून चाल. पण भावाला एवढं सांग की मुंबई सिटी २०१४ ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाली तेव्हापासून निळीच आहे, तेव्हा रणबीर कपूर मालकांत होता आणि मँचेस्टरवाल्यांना अंधेरी कुठे आहे ते माहीत पण नसेल. ग्रुप आल्यावर काय झालं ते पण सांग, २०२०-२१ ला लीग शील्ड (टेबलात पहिला आल्याची) आणि कप (फायनल जिंकल्याचा) दोन्ही, २०२२-२३ ला परत शील्ड, २०२४ ला कलकत्त्यात सॉल्ट लेक स्टेडियमला मोहन बागानच्या घरात जाऊन फायनल ३-१ ने. युनायटेडवाल्यांना सवय राहिली नाहीये त्यामुळे एवढ्या ट्रॉफ्या बघून गडबडतात.

विरार_स्ट्रेटफर्ड

भाऊ बरोबर आहे, तू चूक आहेस. विषय संपला खरं तर, पण लिहितो.

मालक कोण याने फरक पडतो, खूप पडतो. २००५ ला ग्लेझरने युनायटेड घेतला तेव्हा मँचेस्टरमधले काही जन्मजात युनायटेडवाले उठले आणि म्हणाले या माणसाच्या खिशात आमचा पैसा जाणार नाही, आणि त्यांनी खालच्या डिव्हिजनपासून स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, अजून चालू आहे. याला म्हणतात तत्त्व. आणि आपण काय करतोय तर ज्यांनी २००९ ला आपल्याकडे खेळलेल्या तेवेझला उचलून शहरात 'वेलकम टू मँचेस्टर'चं होर्डिंग लावून आपल्याला खिजवलं त्यांच्याच दुकानात जर्सी घेतोय. ओल्ड ट्रॅफर्डच्या स्ट्रेटफर्ड एंड स्टँडला वर्षानुवर्षं बॅनर होता, सिटीला ट्रॉफी मिळून किती वर्षं झाली त्याचा आकडा दर सीझनला बदलायचे, ३५ पर्यंत गेला होता. २०११ ला एफए कप जिंकले आणि तो बॅनर उतरवावा लागला, त्याच वर्षी सेमीफायनलला आपल्यालाच हरवून गेले. ज्याने हे सगळं बघितलंय तो आकाशी जर्सी अंगाला लावूच शकत नाही.

लाल_परळकर

@विरार_स्ट्रेटफर्ड मग तुझ्याच हिशोबाने तू २००५ लाच युनायटेड सोडायला पाहिजे होतास ना दादा. ग्लेझर अजून तिथेच आहेत, आणि तू दर वर्षी नवी जर्सी घेतोस, फोटो टाकतोस.

विरार_स्ट्रेटफर्ड

ते वेगळं आहे.

आकाशी_गोरेगाव

कसं वेगळं आहे ते सांगून जा की 😂

जुना_कूपरेज

पोरांनो, मी साठीच्या पुढचा माणूस, टायपिंग हळू आहे, तेव्हा एकदाच सगळं लिहितो.

पहिलं मँचेस्टरचं, कारण तुम्ही ज्या दुश्मनीची शपथ घेताय ती तिथे तुम्हाला वाटते तशी नव्हती. १९४१ ला जर्मन बॉम्बिंगमध्ये ओल्ड ट्रॅफर्ड उद्ध्वस्त झालं, तेव्हा युनायटेड आपल्या घरच्या मॅच खेळला कुठे? सिटीच्या मेन रोडवर. १९४९ पर्यंत. भाडं घ्यायचे, ती गोष्ट वेगळी, पण मैदान दिलं. ज्या मॅट बस्बीने युनायटेड उभा केला तो स्वतः सिटीचा खेळाडू, सिटीबरोबर एफए कप जिंकलेला. १९५८ ला म्युनिकला विमान पडलं त्यात युनायटेडचे आठ खेळाडू गेले हे सगळ्यांना माहीत असतं, त्याच विमानात फ्रँक स्विफ्ट होता, सिटीचा जुना गोलकीपर, तेव्हा पत्रकार म्हणून गेलेला, तो पण गेला. डेनिस लॉ युनायटेडचा राजा, आणि १९७४ ला सिटीच्या शर्टात ओल्ड ट्रॅफर्डवर टाचेने गोल त्यानेच मारला, आणि हात वर न करता मान खाली घालून चालत सुटला. त्या दिवशी युनायटेड खालच्या डिव्हिजनमध्ये गेलाच, पण त्या गोलमुळे गेला नाही, बाकीचे निकालच तसे लागले होते. हे लोक एकाच ऑफिसात काम करतात, एकाच घरात दोन भाऊ दोन टीमचे असतात, सोमवारी एकमेकांचं तोंड बघायचं असतं. परळच्या गॅलरीत दोरीवर जर्सी बघून चिडायला तुमच्याकडे कारण काय आहे?

आता मुंबईचं. माझा खरा राग इथे आहे. मुंबईला स्वतःचं भांडण होऊच दिलं नाही. आमच्या वेळी कूपरेज मैदानावर टीम कोण? टाटा, मफतलाल, ओर्के मिल, आरसीएफ, एअर इंडिया, महिंद्रा. सगळी ऑफिसं. खेळ चांगला, पोरं चांगली, नोकरी मिळायची म्हणून घरचे खेळू द्यायचे. पण मफतलाल हरली म्हणून गिरगावात कोणी उपाशी झोपला नाही. ऑफिसच्या टीमला मोहल्ला नसतो. गर्दी व्हायची ती रोव्हर्स कपला, तेव्हा कलकत्त्याच्या टीम यायच्या, १९७२ ला मोहन बागान आणि ईस्ट बंगालमध्ये कप वाटून द्यावा लागला होता. म्हणजे बघा, आमच्या मैदानावर पण भांडण पाहुण्यांचं. १८९१ पासूनची स्पर्धा, २००१ च्या सुमारास बंदच पडली.

एकदा संधी आली होती. २००८-०९ च्या आय-लीगला (तेव्हाची देशातली वरची लीग) मुंबईच्या तीन टीम होत्या, महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि नवी पिवळ्या शर्टातली मुंबई एफसी. पुढच्या सीझनला पण तीन. महिंद्रा म्हणजे २००५-०६ चे नॅशनल लीग चॅम्पियन, जीपवाले म्हणायचो आम्ही. तिथून पाच-दहा वर्षं तसंच चाललं असतं तर काहीतरी पेटलं असतं. २०१० ला महिंद्राने टीमच बंद केली. कूपरेज दुरुस्तीला गेलं, मुंबई एफसी आपल्या घरच्या मॅच खेळायला पुण्याला बालेवाडीत. मुंबईची टीम, घर पुण्याला! मग २०१४ ला आयएसएल आली, एका शहराला एक टीम, मुंबई सिटी एका लीगमध्ये आणि मुंबई एफसी दुसऱ्या लीगमध्ये, दोघांची लीगमध्ये गाठच नाही. २०१७ ला मुंबई एफसी शेवटची आली, उतरली आणि संपली. आणि ज्या कोच खालिद जमीलने ती टीम इतकी वर्षं सांभाळली होती त्याला आधीच सोडलं होतं, त्याने त्याच सीझनला आयझॉलला चॅम्पियन केलं. हे आठवलं की आजही डोकं फिरतं माझं.

तेव्हा बाळा, अंधेरीला जा. शहरात एकच टीम उरलीय, तिचा मालक कोण हे बघत बसलात तर ती पण जाईल.

लाल_परळकर

काका, फ्रँक स्विफ्टचं मला खरंच माहीत नव्हतं. भावाला वाचून दाखवलं, दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला तो काळ वेगळा होता.

सॉल्टलेक_रिटर्न

काकांनी कलकत्त्याचा विषय काढलाच आहे तर. माझी बँकेची बदली तिकडे होती, आता परत ठाण्यात आहे. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिथे राहून कळल्याशिवाय सुटका नसते.

ईस्ट बंगाल निघाला कसा, तर १९२० ला मोहन बागानविरुद्धच्या मॅचला जोडाबागान क्लबने एका पूर्वेकडच्या खेळाडूला वगळलं, त्यावरून एक पदाधिकारी रागावून बाहेर पडले आणि ऑगस्टमध्ये नवा क्लब काढला. पुढे फाळणी झाली, पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेली माणसं त्या लाल-पिवळ्या झेंड्याखाली जमली. माझ्या घरमालकीण बाई त्यातल्याच, ईस्ट बंगाल जिंकली की हिलसा आणायच्या, हरली की त्या दिवशी बाजारातच जायच्या नाहीत, कारण मोहन बागानवाले कोळंबी घेताना दिसतील. १९९७ ला फेडरेशन कपच्या सेमीफायनलला सॉल्ट लेकला एक लाख एकतीस हजार लोक होते, ईस्ट बंगालच्या भुतियाने तीन मारले, ४-१ ने जिंकले. ती मॅच या बाई अजून काल झाल्यासारखी सांगायच्या. आणि १९८० चं पण सांगायच्या, आवाज बारीक करून. ईडन गार्डन्सवर डर्बीला (या दोन टीमच्या मॅचला) मारामारी, चेंगराचेंगरी झाली, १६ माणसं गेली. त्यांच्या गल्लीतला एक मुलगा त्या दिवशी उशिरा घरी आला, तोपर्यंत त्याच्या आईने काय काय केलं ते ऐकून मला डर्बीचं कौतुक करताना जरा जड जातं.

मालकाबद्दल म्हणाल तर मोहन बागानचं उदाहरण घ्या. २०२० ला एटीके या कलकत्त्याच्याच आयएसएल टीमबरोबर जोडून एटीके मोहन बागान नाव केलं, फॅन लोकांनी तीन वर्षं डोकं उठवलं, बॅनर, मोर्चे, शेवटी २०२३ ला ते एटीके काढावंच लागलं. मालक तोच राहिला. म्हणजे मैदान न सोडता पण भांडता येतं @विरार_स्ट्रेटफर्ड.

आणि ऑगस्ट २०२४, आर जी कर हॉस्पिटलच्या प्रकरणानंतर ड्युरँड कपची डर्बीच रद्द केली पोलीस कमी पडतील म्हणून, तर दोन्हीकडचे आणि कलकत्त्याच्या तिसऱ्या क्लबचे, मोहमेडनवाले पण स्टेडियमबाहेर एकत्र उभे, न्याय मागत, लाठ्या पण एकत्र खाल्ल्या. व्हिडिओत एक हिरव्या-मरून शर्टातला मुलगा लाल-पिवळ्या शर्टातल्याच्या खांद्यावर बसलेला होता. बाईंना फोन केला तर म्हणाल्या हो, बघितलं, पण डर्बी झाली असती तर आम्हीच जिंकलो असतो.

विरार_स्ट्रेटफर्ड

ताई हे आवडलं. तरी पण आकाशी नाही म्हणजे नाही. पांढरा टीशर्ट घालून जाईन फार तर.

रंकाळा_टू_कांदिवली

सगळं वाचलं, लई हसलो. दोरीवरची जर्सी एक नंबर.

आमच्या कोल्हापुरात याला कुठलं मँचेस्टर लागत नाही भावांनो. तालीम म्हंजे कुस्तीचीच तालीम, तिचीच फुटबॉल टीम, पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस. गल्लीत जन्मला की टीम ठरली, कुणी विचारत बसत नाही. पाटाकडील आणि शिवाजी असली की शाहू स्टेडियमला दुपारच्या उनात दगडी पायरीवर माणूस बसतंय, बूड भाजतंय पण हलत नाही, कारण हलला की जागा गेली. माझ्या आईचं माहेर एका तालमीचं, सासर दुसऱ्या. मॅचच्या दिवशी मामा आमच्याकडं फिरकायचा नाही. एकदा काम निघालं म्हणून आला तर दारातच उभं राहून बोलला, आई म्हणतीय चहा घे, तर हा म्हणतोय आज तुमच्याकडचं पाणी पण नको. दुसऱ्या दिवशी आला आणि दोन दिवसांचं जेवला.

हाणामारी पण होतीय, खोटं कशाला सांगू. मॅच अर्ध्यात थांबल्यात, बंदोबस्त लागतोय, त्यात पोरांचं नुकसानच झालंय, बाहेरच्या क्लबांचं लक्ष खेळावर जायच्या ऐवजी राड्यावर जातंय. काका म्हणतात मुंबईला भांडण मिळालं नाही, मी म्हणतो मिळालं असतं तर सांभाळायला पण लागलं असतं.

@लाल_परळकर तुझा भाऊ काय तुझा दुश्मन नाही, त्याला भांडायला शेजारी टीम मिळेना म्हणून तो तुझ्यावर भागवतोय.

आकाशी_गोरेगाव

हे बरोबर बोलला हा. आमचं भांडण तरी कोणाशी आहे? एफसी पुणे सिटी होती तेव्हा एक्सप्रेसवेवरून बस भरून जायचो, महाराष्ट्र डर्बी म्हणायचे. २०१९ ला ती टीम पण गेली. आता ज्या टीमचे फॅन जास्त येतात तिच्याशी भांडतो. केरळा ब्लास्टर्सवाले आले की अर्धं अंधेरी पिवळं, आपल्याच घरात आपण पाहुणे, तिथे घसा फुटेपर्यंत ओरडायला माणसं कमी पडतात. युनायटेड का असेना, या.

लाल_परळकर

भाऊ वाचतोय हे सगळं, मागे उभा आहे. म्हणतोय केरळाच्या मॅचला येतो, पण तीन अटी. आकाशी घालणार नाही, 'सिटी' हा शब्द ओरडणार नाही, फक्त 'मुंबई' ओरडेन. आणि तिकीट मी काढायचं, म्हणजे त्याचा पैसा मँचेस्टरला जाणार नाही 🙄

विरार_स्ट्रेटफर्ड

तिसरी अट भारी आहे. माझं पण तूच काढ.

रंकाळा_टू_कांदिवली

आणि ते झाल्यावर दोघं कोल्हापूरला या. राहायची सोय माझ्याकडं. फक्त शाहू स्टेडियमला कुठल्या बाजूला बसायचं ते मी सांगणार, आणि मामा भेटला तर माझं नाव घेऊ नका.