विषय: ३० नोव्हेंबरचा नाताळ मेळावा आणि आगमनकाळाचा पहिला रविवार

प्रेषक: मंडळाचा सचिव
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५

सर्व सभासदांना नमस्कार,

दिवाळीच्या कार्यक्रमाला ज्यांनी हातभार लावला त्या सगळ्यांचे मनापासून आभार. आता पुढचं. डिसेंबरमधले सगळे रविवार हॉल आधीच गेलेला आहे, त्यामुळे मंडळाचा नाताळ मेळावा रविवार ३० नोव्हेंबरला दुपारी दोन वाजता घ्यावा असं कार्यकारिणीचं मत पडलं. मुलांसाठी सँटा, केक, नाताळची गाणी आणि नंतर चहा-फराळ.

वसईच्या मावशी, मुलांना दोन-तीन गाणी तुम्ही शिकवाल का? तुमच्याइतकं हे आमच्यापैकी कुणालाच येत नाही.

कुणाची हरकत असेल तर आठवडाभरात कळवावं.

---

प्रेषक: वसईची मावशी
दिनांक: ४ नोव्हेंबर २०२५

बाळा,

माझी आठवण ठेवलीस, बरं वाटलं. गाणी मी जरूर शिकवीन. पण तारखेबद्दल माझी हरकत आहे, आणि ती का आहे ते नीट सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, मावशी उगाच अडून बसली.

३० नोव्हेंबर हा आमच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. संत आंद्रियाचा सण ३० नोव्हेंबरला असतो, त्याच्या सगळ्यांत जवळचा रविवार तो पहिला. म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्येच कधीतरी येतो. यंदा बरोबर ३० लाच आला आहे. चर्चचं वर्ष १ जानेवारीला नाही, या रविवारी सुरू होतं. आमचा पाडवाच म्हण. पण या पाडव्याला गुढी नाही, गोडधोड नाही. फादर जांभळा झगा घालतात. मिस्सेत, म्हणजे आमच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेत, एरवी रविवारी म्हणतो ते गौरवगीत त्या दिवसापासून बंद होतं, कारण ते देवदूतांचं गाणं आहे, बेथलेहेमच्या रात्रीचं, आणि ती रात्र अजून आलेली नाही. वेदीवरची फुलंसुद्धा मोजकी.

माझ्या लहानपणी वसईत नाताळचा गोठा बांधायला मुलं याच दिवसांत लागायची. बांबू आणायचे, भाताचा पेंढा आणायचा, मातीचे डोंगर करायचे. मेंढपाळ, गाय, गाढव सगळे जागच्या जागी बसायचे. पण मधली गव्हाण रिकामी. बाळ येशू २४ तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत कपाटात, कापडात गुंडाळलेला. आई आम्हाला सांगायची, एक चांगलं काम केलंस की पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाक, बाळाला मऊ लागलं पाहिजे. मी रोज संध्याकाळी काड्या मोजायची. ती रिकामी गव्हाण बघत बघत जे वाटायचं, ते मला आजही नाताळाच्या दिवशी वाटत नाही इतकं खोल वाटायचं.

म्हणून सांगते, त्या दिवशी सँटा आणून केक कापला तर मुलांना शेवट आधी मिळेल आणि वाट बघणं कधीच मिळणार नाही. इथे इंग्लंडमधल्या दुकानांनी ते ऑक्टोबरपासूनच हिरावून घेतलं आहे. निदान आपल्या मंडळाने तरी नको.

मेळावा जानेवारीत घ्या. २५ डिसेंबरला आमचा सण सुरू होतो, संपत नाही. यंदा नाताळकाळ ११ जानेवारीपर्यंत आहे. ४ जानेवारीच्या रविवारी हॉल नक्की मोकळा असेल.

---

प्रेषक: पुण्याची वहिनी
दिनांक: ४ नोव्हेंबर २०२५

मावशी, तुमचं पत्र वाचून मी कॅलेंडर काढून बसले. यंदा मार्गशीर्षातले गुरुवार २७ नोव्हेंबर, ४, ११ आणि १८ डिसेंबर. चारच! आणि तुमचे रविवार ३०, ७, १४, २१. माझा घट मांडला की तिसऱ्या दिवशी तुमचा रविवार.

मला विचारायचं होतं, तुम्ही या दिवसांत उपास करता का? आणि इथे चर्चच्या खिडकीत हिरवं कडं आणि त्यात मेणबत्त्या दिसतात, ते काय असतं? माझ्या मुलीने शाळेत केलं होतं, तिलाही अर्थ सांगता आला नाही.

---

प्रेषक: वसईची मावशी
दिनांक: ५ नोव्हेंबर २०२५

वहिनी, किती छान जुळवलंत! चार गुरुवार आणि चार रविवार, हे मला सुचलं नव्हतं.

उपास आता सक्तीचा नाही. पूर्वी होता, आणि पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांत अजून आहे, त्यांचा तर चाळीस दिवसांचा. आम्ही या दिवसांत पापनिवेदनाला जातो, कुणाशी बोलणं टाकलं असेल तर ते परत सुरू करतो. मला विचाराल तर उपासापेक्षा हे जड.

कड्याची गोष्ट मला फार आवडते. जर्मनीत हँबर्गला योहान हिनरिश विखर्न नावाचे एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होते. ते गरीब, निराधार मुलांचं घर चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर २० लहान तांबड्या आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान, रविवारी एक मोठी. त्या वर्षी १ डिसेंबरलाच रविवार होता, म्हणून बरोबर २४. मुलं चाकाकडे बघून दिवस मोजायला शिकली. पुढे लहान मेणबत्त्या गेल्या, चार मोठ्या उरल्या, चाकाला हिरव्या डहाळ्या आल्या. आम्हा कॅथलिकांकडे ते उशिरा आलं, १९२५ साली कोलोनच्या एका चर्चमध्ये पहिल्यांदा लागलं असं सांगतात. म्हणजे माझ्या आजीला हे ठाऊकच नव्हतं. तिच्याकडे गव्हाण होती.

आमच्या कड्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती असते. गुलाबी तिसऱ्या रविवारची. त्या दिवशी फादरसुद्धा गुलाबी झगा घालतात, कारण अर्ध्याहून जास्त वाट सरली, थोडं हसा. मुलीला सांगा, दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. बाहेर दिवस लहान लहान होत जातो आणि आत उजेड मोठा मोठा. इथे चारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे हे वसईपेक्षा इथेच जास्त कळतं.

---

प्रेषक: नगरचा काका
दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५

बाईंनी सगळं उत्तम सांगितलं. मी प्रोटेस्टंट, नगरचा. माझ्या घरी लहानपणी आगमनकाळाचं एवढं नव्हतं. अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची आमची मंडळी, तिथे रंग आणि झगे फारसे नाहीत, पण भजन जबरदस्त. नारायण वामन टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर म्हणत आम्ही मोठे झालो. आगमनकाळ आमच्याकडे खऱ्या अर्थाने आला तो चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यावर. अँग्लिकन, आमचे, मेथडिस्ट, बाप्टिस्ट वगैरे सहा मंडळ्या नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये एक झाल्या, दिवस होता २९ नोव्हेंबर १९७०. रविवार होता आणि आगमनकाळाचा पहिला रविवार होता. माझे वडील तेव्हा म्हणाले होते, नवीन घरात पाऊल टाकायला याहून चांगला दिवस मिळाला नसता.

आता एक सुचवतो. सॅलिस्बरीचं कॅथेड्रल आपल्यापासून तासाभरावर आहे. तिथे आगमनकाळाच्या सुरुवातीला अंधाराकडून प्रकाशाकडे अशी उपासना होते, शुक्रवार-शनिवार-रविवार तिन्ही संध्याकाळी. सगळे दिवे मालवतात. पश्चिमेच्या दाराशी एकच मेणबत्ती पेटते. मग गायकवृंद हातात मेणबत्त्या घेऊन पूर्वेकडे सरकत जातो आणि शेवटी सुमारे १३०० मेणबत्त्या पेटलेल्या असतात. मी दोनदा गेलो आहे. ज्यांना यायचं असेल त्यांना शनिवारी २९ ला घेऊन जातो. कुठल्याही धर्माच्या माणसाला मज्जाव नाही.

एकच विनंती. सुरुवातीला पूर्ण अंधार असतो तेव्हा मोबाईल पर्समध्ये, खिशात, कुठेही, पण बंद. एका पडद्याचा उजेड शेकडो लोकांचा अंधार मोडतो.

---

प्रेषक: वसईची मावशी
दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५

काका, मी येणार.

आणि सॅलिस्बरीचं नाव काढलंत तर मला राहवत नाही. सॅलिस्बरी विल्टशर परगण्यात आहे. याच विल्टशरमध्ये १५४९ च्या सुमारास एक मुलगा जन्मला, थॉमस स्टीफन्स. एलिझाबेथ राणीच्या काळात इथे कॅथलिक राहणं धोक्याचं होतं. तो रोमला गेला, जेझुइट या कॅथलिक संघात शिरला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरला. पुढची चाळीस वर्षं गोव्यातल्या साष्टीत काढली, तिथेच १६१९ मध्ये गेला. आणि त्याने काय केलं, तर मराठी शिकून मराठीत सुमारे ११,००० ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मध्ये साष्टीतल्याच रायतूरला छापलं. खड्यांमध्ये रत्न तशी भाषांमध्ये मराठी, असं म्हणणारा माणूस इथल्या मातीतला!

त्या पुराणाचे दोन भाग आहेत. दुसऱ्यात ख्रिस्ताचा जन्म आणि पुढचं. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनची सगळी वाट पाहणारी माणसं. म्हणजे चार हजारांवर ओव्या नुसत्या आगमनकाळाच्या. त्याला घाई नव्हती.

माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती. रोमने नवी मिस्सा लागू केली ती ३० नोव्हेंबर १९६९ ला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, यंदाच्याच तारखेला. मराठीत होऊन ती आमच्यापर्यंत पोचायला अर्थात वेळ लागला. पण आजीने पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत उत्तर दिलं तेव्हा तिचा आवाज मोठा झाला होता, हे मला आठवतं. एरवी ती चर्चमध्ये ओठ हलवायची फक्त. या ईमेल यादीवर मला कधी कधी कुणी विचारतं, तुम्ही घरी कोणत्या भाषेत प्रार्थना करता. मराठीत. आम्हाला दुसरी येतच नव्हती.

---

प्रेषक: मंडळाचा सचिव
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५

हॉल ४ जानेवारीला मिळाला. नाताळ मेळावा आता त्या दिवशी, दुपारी दोन. ३० नोव्हेंबरची बुकिंग रद्द केली आहे.

मावशी, आम्हाला ठाऊक नव्हतं. कॅलेंडरमध्ये फक्त हॉलची तारीख बघितली. पुढच्या वर्षीपासून कार्यक्रम ठरवताना तुम्हाला आणि काकांना आधी विचारू.

सॅलिस्बरीसाठी आतापर्यंत ११ जण. गाड्या तीन. शनिवारी चारला निघू.

---

प्रेषक: वसईची मावशी
दिनांक: १ डिसेंबर २०२५

सगळ्यांना नमस्कार. जे आले नाहीत त्यांच्यासाठी लिहिते.

आम्ही जागेवर बसलो तेव्हा दिवे चालू होते, लोक कुजबुजत होते. मग दिवे गेले. कॅथेड्रल १२५८ मध्ये बांधून झालेलं, वरती छत किती उंच आहे ते उजेडात डोळ्यांना कळतं, अंधारात ते अंगाला कळतं. थंडी खालून दगडातून वर येत होती. पुण्याच्या वहिनींची धाकटी माझ्या मांडीवर होती, ती माझ्या कानात म्हणाली, "मावशी, आता काय होणार?" मी म्हटलं, "काही नाही. थांबायचं." ती थांबली. खरंच थांबली, सहा वर्षांची पोर.

मागे दाराशी एक ज्योत दिसली. एवढ्या मोठ्या इमारतीत ती काहीच उजळत नव्हती, पण सगळ्यांची मान तिकडे वळली. मग लांबून मुलांचा आवाज. गाणं कुठून येतंय तेच कळेना. मेणबत्त्या एकमेकींवरून पेटत पुढे येत होत्या आणि आपल्या शेजारच्या माणसाचा चेहरा हळूहळू दिसायला लागतो, आधी हनुवटी, मग नाक, मग डोळे. सचिवाचा चेहरा दिसला तेव्हा तो रडत होता. त्याला मी काही विचारलं नाही, आणि हे लिहायची परवानगी त्यानेच दिली.

परतीच्या गाडीत काकांनी एक गोष्ट सांगितली ती इथे नोंदवून ठेवते. नाताळच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळच्या प्रार्थनेत रोज एक प्राचीन हाक म्हणतात, दर हाकेत ख्रिस्ताला एक नाव: ज्ञान, किल्ली, उगवता सूर्य, इम्मानुएल. आमच्याकडे सात, १७ डिसेंबरपासून. लॅटिनमधल्या त्या नावांची पहिली अक्षरं शेवटाकडून वाचली तर 'एरो क्रास' होतं, म्हणजे 'उद्या मी असेन'. सॅलिस्बरीच्या जुन्या पद्धतीत मात्र आठ होत्या, एक दिवस आधी सुरू व्हायच्या, आठवी मरियेची. तिचं अक्षर जोडलं की 'वेरो क्रास'. 'खरोखर, उद्या.' त्या एका अक्षरासाठी त्यांनी एक दिवस जास्त वाट बघितली.

काल सकाळी माझ्या चर्चमध्ये पहिली जांभळी मेणबत्ती पेटली. पाठ यशयाचा, तलवारी मोडून नांगराचे फाळ करण्याचा, आणि मत्तयाचा, जागे राहा म्हणणारा. काकांच्या चर्चमध्येही काल हेच पाठ होते, आम्ही फोनवर ताडून पाहिले. दुपारी वसईला बहिणीला फोन केला. तिच्या नातवाने गव्हाणीत पहिली काडी टाकली होती. कशाबद्दल विचारलं तर म्हणाला, आजीला न विचारता पाणी आणून दिलं.

वहिनी, तुमच्या मुलीला मी गव्हाणीसाठी लाकडाची छोटी पेटी देते. पेंढा इथे पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. ४ जानेवारीला ती पेटी हॉलवर घेऊन या. बाळ माझ्याकडे आहे, कपाटात.