संगणकाला बुद्धिबळात हरवणं माणसाला आता शक्य आहे का?

सांगलीकर_बाबा
मुलगी 11 वर्षांची, दिवाळीपासून क्लासला जाते. रोज रात्री जेवणं झाली की मोबाइलवर स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमशी खेळते आणि हरते. काल मोबाइल उलटा ठेवून म्हणाली, "बाबा, याला जगात कुणीच हरवू शकत नसेल तर मी कशाला शिकू?" मला उत्तर सुचलं नाही. 1997 साली जगज्जेता कास्पारोव्ह डीप ब्लू या संगणकाकडून हरल्याची बातमी वडिलांनी मला पेपरातून वाचून दाखवली होती. तेव्हा वाटलं होतं, पुढच्या वेळी जिंकेल. जाणकारांनी खरं सांगा, कार्लसन किंवा गुकेश पूर्ण तयारीनं बसला तर एक तरी डाव जिंकेल का? पोरीला खोटी आशा दाखवायची नाही.

सातव्या_ओळीतला_हत्ती
पट बंद करायचा! प्यादी एकमेकांत अडकवली की यंत्राला काही सुचत नाही. 2008 साली ग्रँडमास्टर नाकामुरानं ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांच्या झटपट डावात) रिब्का या प्रोग्रॅमला असंच हरवलं होतं, 271 चालींत.

जुना_पट
तो डाव खरा, पण ती वाट आता बुजली. 2020 मध्ये स्टॉकफिशला न्यूरल नेटवर्क जोडलं, तेव्हापासून बंद पटातही कुठून शिरायचं ते त्याला कळतं.

बाबा, उत्तर "नाही" असंच आहे. कार्लसनचं सर्वोच्च रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, 2882. संगणकांच्या याद्यांत स्टॉकफिश 3600च्या वर. याद्या वेगळ्या, त्यामुळे तुलना काटेकोर नाही, पण रेटिंगमध्ये 700चा फरक म्हणजे 100 डावांत जेमतेम 2 गुण (विजयाला 1, बरोबरीला अर्धा), तेही बहुतेक बरोबरीतून. अव्वल प्रोग्रॅमविरुद्ध पूर्ण वेळेच्या डावात माणसाचा शेवटचा नावाजलेला विजय 2005चा, बिल्बाओत पोनोमारिओव्हनं फ्रिट्झला हरवलं तो.

मी वर्गात दरवर्षी त्याच्या पुढच्या वर्षीचा डाव मांडतो. बॉन, क्रॅमनिक विरुद्ध डीप फ्रिट्झ, दुसरा डाव. क्रॅमनिक तेव्हा जगज्जेता. काळी मोहरी, स्थिती सांभाळता येण्यासारखी. 34व्या चालीला त्यानं वजीर ई3वर नेला आणि फ्रिट्झनं एच7वर वजीर ठेवून मात केली. एका चालीतली मात! पांढरा घोडा नुकताच एफ8वर येऊन बसला होता, त्याचा जोर एच7वर. घोडा इतका आत असताना होणारी मात आपल्या डोळ्यांच्या सवयीची नसते. मुलांना "मात शोधा" म्हटलं की अर्ध्या मिनिटात हात वर होतात. मग मी सांगतो, हे जगज्जेत्याला दिसलं नाही. वर्ग एकदम गप्प होतो.

तुमची मुलगी स्पर्धेत अशाच नजर चुकणाऱ्या माणसांशी खेळणार आहे. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 मध्ये बाटुमीत कोनेरू हम्पीला रॅपिड टायब्रेकमध्ये (बरोबरीनंतरच्या जलद डावांत) हरवून महिला विश्वचषक जिंकला. ते डाव तिला दाखवा. घड्याळ संपत आलं की काय होतं ते त्यात दिसतं.

आणि स्टॉकफिशची पातळी उतरवू नका. उतरवलेला स्टॉकफिश दहा चाली छान खेळतो आणि मध्येच मोहरा फुकट देतो. मुलं मग त्या चुकीची वाट बघत बसतात. त्यापेक्षा ताकद पूर्ण ठेवा, पण त्याचा वजीर काढा. मोठ्यांनाही हे करावं लागतंच. लीला नावाचा प्रोग्रॅम एक घोडा कमी घेऊन बसतो, तरी ब्लिट्झमध्ये ग्रँडमास्टरांना हरवतो. पोरीला एकच सांगा, सारख्यास सारखं मारत जा, हत्तीला हत्ती, उंटाला उंट; पट रिकामा झाला की तिचा जादा वजीर भारी पडतो.

सांगलीकर_बाबा
तीन दिवस वजीर काढून खेळतोय. पहिले चार डाव गेले, त्यातल्या दोनांत तिचाच वजीर घोड्याच्या दुहेरी माऱ्यात सापडला. काल रात्री मात्र दोन्ही हत्ती, दोन्ही उंट मारून घेतले आणि शेवटी वजीर-राजानं मात दिली. साडेदहा वाजता आजीला उठवून दाखवलं. सगळ्या चाली वहीत लिहून ठेवल्यात. तिचाच प्रश्न विचारतो: आता वजीर परत देऊन एक हत्ती आणि एक घोडा काढला तर चालेल का?