सुई हिरवी असतानाच

"सुया तपकिरी झाल्या की पाणी कमी पडलंय हे दिसतंच, मग जनुकं कशाला तपासायची?" असं देवदाराच्या सुयांबद्दल, म्हणजे त्याच्या सुईसारख्या पानांबद्दल, एकानं विचारलंय. तोवर फार उशीर झालेला असतो हो! सुई हिरवीगार असतानाच झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे पाणीटंचाईचा इशारा देणारं संप्रेरक वाढतं, पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मिटतात, पेशींना कोरडेपणापासून जपणाऱ्या काही डिहायड्रिन प्रथिनांची जनुकं जोरात चालू होतात.

मात्र जनुक चालू आहे का हे त्याच्या आरएनएवरून, म्हणजे पेशीतल्या त्याच्या नकलेवरून कळतं आणि तो पटकन तुटतो, म्हणून सॅम्पल जिवापाड जपावं लागतं. आमच्या पुण्याच्या लॅबमध्ये देवदाराच्या सुया ड्राय आइसमधून येतात. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये खलल्या की काचेसारख्या तडकून हिरवी पूड होते. ती वितळायच्या आत बफरमध्ये, म्हणजे आरएनए वेगळा काढायच्या द्रावणात, गेली पाहिजे. सुयांतली पॉलिफेनॉल्स ही रसायनं आरएनएला चिकटतात, आमचे पहिले दोन प्रयत्न त्यातच वाया गेले.

आणि सगळ्या झाडांच्या सुया एकाच वेळी तोडा. कित्येक जनुकं दिवसाच्या वेळेनुसारही कमीजास्त होतात. सकाळ-दुपारचा फरक दुष्काळ समजून बसाल.