अकरा गझला देऊन झाल्या, तरी ‘पुलेशु’च्या पुढे कोणी बोलत नाही

तापीकाठची

नमस्कार. मी सुरतेला राहते. येथे मराठी माणसे भरपूर आहेत, उधना-लिंबायत भागात तर अहिराणी दिवसभर कानावर पडते. परंतु गझलेच्या वृत्ताविषयी दोन शब्द बोलावेत असे ओळखीचे कोणीही नाही. म्हणून दोन वर्षे वाचनमात्र राहिल्यानंतर गेल्या तीन आठवड्यांत मी या संकेतस्थळावर अकरा गझला दिल्या. प्रतिसाद आले ते ‘छान’, ‘आवडली’ आणि ‘पुलेशु’ (पुढील लेखनास शुभेच्छा) एवढेच, आणि शेवटच्या तीन गझलांवर तेही आले नाहीत. त्याच दिवशी एका जुन्या सदस्यांच्या चार ओळींवर मात्र चाळीसहून अधिक प्रतिसाद पाहिले. नवख्या व्यक्तीचे लेखन मनापासून वाचले जावे यासाठी नेमके काय करावे लागते? की आधी कंपूत शिरावे लागते? ताज्या गझलेचा मतला, म्हणजे पहिला शेर, असा आहे:

तुझ्या अंगणी सावली राहिली ही
उन्हाने जुनी ओळ का वाचली ही

मात्रामोजणी

ताई, तीन आठवड्यांत अकरा गझला म्हणजे दर दोन दिवसांनी एक. वाचणारा पहिलीवर विचार करीत असतानाच तिसरी येते आणि मग तो ‘छान’ म्हणून मोकळा होतो. अशा प्रतिसादांत आकस नसतो. नेमके कशावर बोलावे हे त्याला सुचलेले नसते, इतकेच.

तुमच्या मतल्यावर मात्र बोलण्यासारखे पुष्कळ आहे. वृत्त भुजंगप्रयात असून दोन्ही ओळींत ‘लगागा’ (लघु-गुरू-गुरू) चार वेळा बिनचूक येते, म्हणजे मेहनत दिसते. अडचण काफियात, म्हणजे यमकाच्या शब्दांत, आहे. ‘ही’ हा रदीफ, म्हणजे यमकानंतर दर वेळी तसाच येणारा शब्द, धरला, तर ‘राहिली’ आणि ‘वाचली’ हे काफिये ठरतात. दोन्हींत ‘ली’ समान आहे, पण तिच्या आधीचा स्वर एकीकडे ‘इ’ आणि दुसरीकडे ‘अ’ आहे. म्हणजे मतल्यातच अलामत (हा आधीचा समान स्वर) सांभाळली गेलेली नाही. शिवाय पहिल्या ओळीतला ‘ही’ भरीचा वाटतो, कारण तो काढला तरी अर्थाचे काहीच बिघडत नाही.

सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, तिचा एक फायदा क्वचितच बोलला जातो. तिने अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला सामाईक शब्द दिले. मुक्तछंदातील कवितेवर परक्याने काय म्हणावे हा प्रश्नच असतो. गझलेत निदान ‘येथे एक मात्रा कमी पडते’ एवढे तरी ओळखदेख नसताना म्हणता येते. तेव्हा पुढील गझल देताना ‘तिसऱ्या शेराबद्दल शंका आहे’ असे एक वाक्य खाली लिहून पाहा. दर महिन्याच्या तरहीतही अवश्य लिहा, कारण दिलेल्या एकाच ओळीवर सगळ्यांनी लिहायचे असल्यामुळे त्या दिवशी नव्या-जुन्यांना एकमेकांचे शेर ताडून पाहावेच लागतात.

साभार_परत

वरील सल्ला योग्य आहे, पण ताईंची तक्रार तेवढ्याने निकालात निघत नाही. कंपू असतात. चाळीस प्रतिसादांच्या त्या धाग्यात निम्म्याहून अधिक मजकूर आपसांतील थट्टेचा आहे, कवितेचा नाही. (मीही त्यात दोनदा हात धुऊन घेतले आहेत.)

‘सत्यकथा’ मासिकाच्या काळी त्याचे संपादक राम पटवर्धन नवोदितांना त्यांच्या कथा-कवितांविषयी सविस्तर पत्रे लिहीत असत. ते संपादकाचे काम होते आणि ते काम करणारा माणूस ठरलेला होता. अर्थात त्या दारातही सर्वांना प्रवेश मिळाला असे नाही. १९६९ मध्ये लघुनियतकालिकवाल्यांनी, म्हणजे प्रस्थापितांना नाकारून स्वतःची छोटी नियतकालिके काढणाऱ्यांनी, ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, ती उगाच नव्हे. आता दार सताड उघडे आहे, मात्र आलेल्याला ‘बसा’ म्हणण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. म्हणून मी एवढेच सुचवीन की सर्वांनी वाचावे ही अपेक्षा सोडून, ज्यांचे शेर तुम्हाला खरोखर आवडतात अशा दोघांच्या लेखनावर नेमके लिहा. ते उत्तर देतीलच असे नाही. दिले तर तो संवाद ‘पुलेशु’ने संपत नाही.

आता मतल्याविषयी. मात्रामोजणी यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. ‘ई’ हा स्वरकाफिया (केवळ शेवटचा स्वर जुळणारे यमक) मानता येईल, पण मग मतल्यातील एका ओळीतून तरी ‘ली’ जायला हवी, अन्यथा वाचक पुढे सर्वत्र ‘ली’चीच वाट पाहील.

तापीकाठची

दोघांचेही आभार. अलामत हा शब्द मला माहीत होता, पण माझ्याच ओळीत ती तुटलेली दिसली नव्हती. उरलेल्या दहा गझला काल रात्री तपासल्या, त्यांपैकी चारांत हाच दोष निघाला. बदललेला मतला असा:

तुझ्या अंगणी सावली राहिली ही
उन्हाची खरी सोबती पायरी ही

नवीन गझल आता तरहीपर्यंत देणार नाही.

मात्रामोजणी

दुसरी ओळ पहिलीपेक्षा कितीतरी सरस झाली, ‘पायरी ही’ मधला ‘ही’ आता आपल्या जागी बसला. पहिल्या ओळीतला मात्र अजून भरीचाच आहे.

साभार_परत

मला तो भरीचा वाटत नाही. कोणती सावली, हे तो बोट दाखवून सांगतो आहे. ताई, तुम्हाला काय अभिप्रेत होते?