मुळावर घाव, पण केमो सोडून नाही

यवतमाळच्या भाऊंनी विचारलंय, कर्करोगाच्या मूळपेशींवरचं (गाठ पुन्हा उगवणाऱ्या पेशींवरचं) औषध येईस्तोवर केमो थांबवावी का? नका थांबवू भाऊ. या पेशी सुप्त राहतात, औषध बाहेर फेकतात, म्हणून विरघळलेली गाठही उलटते. वखरलेल्या वावरात हरळीच्या काशा राहाव्यात तशा. या वाटेनं जाणारं व्हिस्मोडेगिब २०१२ला अमेरिकेत मंजूर झालं, पण त्वचेच्या एका कर्करोगापुरतंच. नापाबुकासिन हे असंच दुसरं औषध तर मोठ्या चाचण्यांत फसलं. (‘स्टेम सेल थेरपी’च्या, म्हणजे मूळपेशी टोचण्याच्या, पाट्या लावणारे वेगळेच, तिकडे फिरकू नका.) नव्या औषधाच्या चाचणीत जायचं तर सीटीआरआय (देशातल्या औषध-चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, संमतीपत्र मराठीत घ्या. नागपूरला जाताना बायोप्सीच्या रिपोर्टासोबत पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) न्या, नाहीतर पुन्हा तुकडा काढावा लागू शकतो. ब्लॉक उन्हातल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.