व्हिजन भिंतीवर आहे, कामात नाही. काय करावं?

प्रश्न

आमची संस्था शाळाबाह्य मुलांसाठी काम करते. काही महिन्यांपूर्वी कार्यकारी प्रमुखपद माझ्याकडे आलं. आधीच्या मंडळींनी सल्लागार बोलावून व्हिजन तयार करून घेतलं होतं : ‘प्रत्येक मुलाच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध’. ऑफिसात त्याची फ्रेम आहे, लेटरहेडवरही ते छापलेलं आहे. मागच्या आढावा बैठकीत मी विचारलं, आपण नेमकं कशासाठी आहोत? गणवेशाचं काम बघणाऱ्यांनी एक सांगितलं, शिवणवर्गाच्या बाईंनी दुसरंच, आणि अकाउंट्सवाले गप्प बसले.

नवीन वाक्य लिहावं का? लिहिलं तर लोकांच्या गळी कसं उतरवायचं? आणखी एक फ्रेम लावायची माझी इच्छा नाही.

प्रतिसाद

ताई, वाक्याची घाई करू नका. आधी वर्षभरात ज्या निर्णयांवरून तुमच्यात वाद झाले ते काढा. कुठल्या देणगीला हो म्हणायचं यावरून तणातणी झाली? कुठलं काम कुणालाच सोडवत नव्हतं? तुमची दिशा त्या वादांमध्ये सापडेल, सल्लागाराच्या स्लाइड्समध्ये नाही.

मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅब सांभाळली. आमच्याकडेही ‘गुणवत्ता आणि तत्पर सेवा’ असं होतं. अडचण अशी की रात्री दोन वाजता गुणवत्ता आणि तत्परता एकमेकींच्या आड येतात. शेवटी आम्ही एवढंच ठरवलं : ज्याची खात्री नाही तो रिपोर्ट लॅबबाहेर जाणार नाही. एका रात्री पोटॅशियमचा कंट्रोल, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय ना हे तपासायचा ठरलेला नमुना, रेंजबाहेर गेला. वॉर्डातून डॉक्टरांचे फोनवर फोन. ड्युटीवरच्या टेक्निशियन मुलीने रिपोर्ट रोखला, सॅम्पल लगेच दुसऱ्या लॅबला पाठवलं आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगितलं. मला उठवलंही नाही. सकाळी शिफ्ट बदलताना मी हा प्रसंग सगळ्यांसमोर सांगितला आणि उशिराची तक्रार आली तेव्हा तिच्या बाजूने लेखी उत्तर दिलं. ते उत्तर लोकांनी एकमेकांना दाखवलं. त्यानंतर त्या वाक्यावर मला वेगळं भाषण करावं लागलं नाही.

मोठं उदाहरण हवं असेल तर मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय बघा. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केलं. ध्येय एकच : टाळता येण्याजोगं अंधत्व नाहीसं करायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं तर डोळ्यात बसवायची लेन्स आली, आणि आयात लेन्स गरिबाला परवडणारी नव्हती. म्हणून १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून लेन्स स्वतःच बनवायला घेतल्या. रुग्णालयाने कारखाना काढावा का, या प्रश्नाचं उत्तर त्या ध्येयातच होतं. ‘सर्वांगीण विकास’ असं उत्तर देत नाही, कारण त्यात काहीही बसतं.

दुसरा प्रतिसाद

पोचवण्याबद्दल थोडं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर वाजवायचा, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल सुरू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक येते. प्रमुखांचं नेमकं हेच होतं. म्हणून सांगून झाल्यावर ‘कळलं का?’ विचारू नका, सगळे मान डोलावतात. ‘उद्या तुमच्या कामात यामुळे काय बदलेल?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. वादांची यादी केली. जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी येऊन थांबले : मुलांना शाळेत दाखल करतो, पण नंतर ती टिकतात की नाही हे कुणी बघत नाही. म्हणून हे लिहिलं : ‘शाळा सुटलेलं मूल आपल्या वयाच्या वर्गात परत बसेल आणि दहावीपर्यंत टिकेल.’ बैठकीत वाचून दाखवलं, तर शिवणवर्गाच्या बाईंनी विचारलं, “मग माझा वर्ग बंद करणार का?” मला पटकन उत्तर देता आलं नाही.

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर

त्यांनी हा प्रश्न विचारला ही फार चांगली गोष्ट आहे. जुन्या वाक्यावर असा प्रश्न कुणाला पडलाच नसता.

त्यांना गुळमुळीत उत्तर देऊ नका. वर्ग या वाक्यात बसतो का, हे त्यांच्याबरोबर बसून तपासा. शिवण शिकून आईला कमाई झाली तर मुलगी शाळेत टिकते, असं तुमच्या नोंदींत दिसत असेल तर वर्ग राहू द्या, पण त्याचा हिशेब टिकलेल्या मुलींवर करा. दिसत नसेल तर तो दुसऱ्या संस्थेकडे सोपवा आणि बाईंना पुढे कोणतं काम द्यायचं हे त्याच बैठकीत ठरवा. व्हिजनच्या नावाखाली माणूस वाऱ्यावर सोडला तर बाकीचे एवढंच लक्षात ठेवतात.

नंतर लोक तुमच्याकडे बघणार आहेत. पॉल ओनील १९८७ मध्ये अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले आणि गुंतवणूकदारांसमोर नफ्याआधी कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले. पण नुसतं बोलून थांबले नाहीत. कुणी जखमी झालं तर त्या विभागाच्या प्रमुखाने २४ तासांत त्यांना कळवायचं, असा नियम केला. पुढे मेक्सिकोतल्या कारखान्यात विषारी वायूने कामगार आजारी पडले आणि ते वर नीट कळवलं गेलं नाही, तेव्हा एका वरिष्ठ अधिकाऱ्याला त्यांनी काढून टाकलं.

तुमच्याकडे २४ तासांच्या जागी गैरहजेरी येईल. मूल सलग तीन दिवस वर्गात दिसलं नाही की निरोप थेट तुमच्याकडे, आणि आठवड्याच्या बैठकीत पहिला विषय तोच, देणग्या नंतर. अकाउंट्सवाल्यांनाही त्या बैठकीला बसवा. बसभाड्याचं बिल अडलं की मूल घरी राहतं, हे त्यांना तिथेच कळेल.